उरणाऱ्या यकृताचा हिशेब

यकृताचा कर्करोग असल्याचे कळले की घरातला पहिला प्रश्न ठरलेला असतो: ऑपरेशन होईल का? डॉक्टर 'होईल' म्हणाले की सगळ्यांच्या जिवात जीव येतो, आणि 'नको' म्हणाले की डॉक्टरांनी हात टेकले असा अर्थ जो तो मनातल्या मनात लावून मोकळा होतो. कापून काढले म्हणजे गेले आणि न काढता ठेवले म्हणजे राहिले, हे गणित आपल्या डोक्यात इतके पक्के बसलेले आहे की त्यापुढे तपासण्यांचे कागद फिके पडतात. तोंडाच्या, स्तनाच्या किंवा आतड्याच्या कर्करोगात ते बऱ्याच अंशी खरेही ठरते. यकृतात मात्र ते तसेच्या तसे चालत नाही, आणि का चालत नाही हे समजून घेण्यात आमच्या थोरल्या भावाच्या आजारपणाचे पहिले काही आठवडे गेले.

दादा सांगलीतल्या एका माध्यमिक शाळेतून भूगोलाचा शिक्षक म्हणून निवृत्त झाला. पित्ताशयात खडा असावा अशा संशयावरून त्याची सोनोग्राफी केली. खडा सापडला नाही, यकृताच्या उजव्या बाजूला एक गाठ सापडली. पाठोपाठ झालेल्या रक्ततपासणीत हिपॅटायटिस बी निघाला, तोही जुना, बहुधा अनेक दशके मुक्काम ठोकून बसलेला. या विषाणूचा शोध लावणाऱ्या बरुक ब्लमबर्ग यांना १९७६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले, पुढे लस आली आणि २०११ पर्यंत ती भारतभरच्या बालकांच्या नियमित लसीकरणात दाखल झाली. पण दादाची पिढी त्याच्या कितीतरी आधीची, एकच काचेची सिरिंज उकळून सगळ्यांना टोचण्याच्या काळातली. संसर्ग नेमका कुठून आला हे शोधत बसण्यात अर्थ नव्हता. डॉक्टरांनी तो नाद केलाही नाही. त्यांनी वहिनीला, पुतण्याला आणि मला तपासणी करून घ्यायला सांगितले आणि आमचे अहवाल निगेटिव्ह आल्यावर तिघांनाही लस घ्यायला लावली.

लिव्हर बिघडले म्हटले की लोकांना फक्त दारू आठवते. मास्तर लपूनछपून घेत होते की काय, अशी कुजबुज दादाच्या कानापर्यंत आली, आणि आयुष्यात थेंबालाही न शिवलेल्या त्या माणसाला गाठीपेक्षा ती कुजबुज जास्त झोंबली. मद्य हे एक मोठे कारण आहेच. परंतु हिपॅटायटिस बी आणि सी, लठ्ठपणा आणि मधुमेहाबरोबर येणारे फॅटी लिव्हर, बुरशी लागलेल्या शेंगदाण्या-मक्यातले अफ्लाटॉक्सिन, अशा अनेक वाटांनी हा आजार त्याच एका मुक्कामाला पोचतो. बहुतेकांच्या बाबतीत त्या मुक्कामाच्या अलीकडे सिऱ्होसिस नावाचे गाव लागते. वर्षानुवर्षे सुजत आणि भरून येत राहिलेल्या यकृतात तंतूंचे जाळे पसरते, ते आखडते, कडक होते, आणि अशा जमिनीत गाठ धरते. दादाचे यकृतही सिऱ्होसिसचे होते. त्याला स्वतःला त्याची कसलीही जाणीव नव्हती. तो रोज सकाळी कृष्णेच्या घाटापर्यंत चालून येत होता.

निदान पक्के झाले ते तीन टप्प्यांच्या सीटी स्कॅनवर. शिरेतून औषध सोडून लगेच, थोड्या वेळाने आणि आणखी थोड्या वेळाने अशी चित्रे घेतात. गाठीला रक्त मुख्यतः धमनीतून मिळत असल्यामुळे पहिल्या चित्रात ती उजळून निघते, आणि नंतर बाकीचे यकृत उजळलेले असताना ती काळवंडते. सिऱ्होसिस असलेल्या माणसाच्या यकृतात हा क्रम स्पष्ट दिसला तर तुकडा काढून तपासण्याची गरज सहसा उरत नाही. वहिनीच्या माहेरच्या एकाला हे काही केल्या पटेना. 'तुकडा तपासल्याशिवाय कॅन्सर म्हणतातच कसे?' हा त्यांचा प्रश्न इतर बहुतेक कर्करोगांत बिनतोड ठरला असता. इथे सुई घालण्यात रक्तस्रावाचा आणि सुईच्या वाटेवर रोग सांडण्याचा, थोडा का होईना, धोका असतो आणि हाती नवे काही लागत नाही.

अहवालात लिहिले होते: आठव्या सेगमेंटमध्ये एकच गाठ, ३.८ सेंमी. क्लोद क्विनो या फ्रेंच शरीररचनातज्ज्ञाने १९५७ मध्ये यकृताची आठ भागांत केलेली विभागणी जगभरचे शल्यचिकित्सक आजही वापरतात. प्रत्येक भागात रक्त आणणारी आणि पित्त वाहून नेणारी वाहिनी स्वतंत्र असते, आणि रक्त परत नेणाऱ्या मोठ्या शिरा दोन भागांच्या सीमेवरून वाहतात. डॉक्टरांनी कागदावर आकृती काढून हे समजावले तेव्हा दादा पटकन म्हणाला, 'म्हणजे ही खोरी आहेत. एका खोऱ्यातले पाणी अडवले तर फक्त तेवढीच शिवारे सुकणार.' डॉक्टरांना ही उपमा आवडली असावी, कारण पुढच्या सगळ्या बोलण्यात त्यांनी तीच वापरली. अडचण अशी होती की दादाची गाठ खोऱ्याच्या मधोमध नव्हती, उजव्या यकृतशिरेला जवळजवळ टेकून बसलेली होती. ती सुरक्षित अंतर राखून काढायची तर संपूर्ण उजवा भाग काढावा लागणार होता.

इथून पुढे जे कळले, ते आधी कुणी सांगितले असते तर आमचे बरेच हेलपाटे वाचले असते. यकृताच्या कर्करोगात माणसाला एकाच वेळी दोन आजार असतात: एक गाठ, आणि दुसरा ती गाठ ज्यात आहे ते यकृत. उपचार ठरवताना नातेवाइकांची नजर पहिल्यावर खिळलेली असते आणि जाणत्या डॉक्टरची दुसऱ्यावर. निरोगी माणसाच्या यकृताचा पाऊण भाग काढला तरी उरलेला पाव भाग काम सांभाळतो आणि काही आठवड्यांत वाढून भरपाई करू लागतो. सिऱ्होसिसच्या यकृताची ती ताकद गेलेली असते, म्हणून तिथे निदान ४० टक्के तरी यकृत मागे उरले पाहिजे असा संकेत आहे. दादाच्या स्कॅनवरून संगणकाने मोजलेला डावा भाग ३४ टक्के भरला.

आम्ही पहिल्यांदा ज्या शल्यचिकित्सकांना भेटलो ते म्हणाले, ऑपरेशन करता येईल. ते उगाच बोलत नव्हते, त्यांच्याजवळ रीतसर योजना होती. आतड्यांकडून यकृतात रक्त आणणाऱ्या पोर्टल शिरेची उजव्या भागाकडे जाणारी शाखा आधी बंद करायची, म्हणजे ते रक्त डावीकडे वळते आणि चार ते सहा आठवड्यांत डावा भाग वाढतो. पुरेसा वाढला की उजवा काढायचा. १९८० च्या दशकात जपानी शल्यचिकित्सकांनी रूढ केलेली ही पद्धत आज सगळीकडे वापरली जाते. आम्ही हरखून बाहेर आलो. पुतण्याने गाडीतूनच नातेवाइकांना फोन लावले.

दुसऱ्या ठिकाणचे डॉक्टर वयस्क होते. सीटीची फिल्म त्यांनी आधी लावलीच नाही. दादाला समोर बसवून म्हणाले, 'सर, दोन्ही हात पुढे धरा. मनगटे वर करा, बोटे फाकवा. आता डोळे मिटा.' दादाचे हात हवेत स्थिर राहिले. यकृत हरू लागले की रक्तातली विषारी द्रव्ये मेंदूपर्यंत पोचतात आणि अशा पसरलेल्या तळव्यांना पंख फडफडावेत तसे हिसके बसतात, हे त्यांनी नंतर सांगितले. मग दादाला पलंगावर आडवा करून त्यांनी पोटावर बोटाने टिचक्या मारत पाणी साठले आहे का ते पाहिले, डाव्या बरगडीखाली प्लीहा चाचपली आणि त्यानंतर रक्ताचे कागद मागितले. बिलिरुबिन, अल्ब्युमिन, रक्त गोठण्याचा आयएनआर, पोटातले पाणी आणि मेंदूवरचा परिणाम अशा पाच गोष्टींना गुण देऊन चाइल्ड-प्यू श्रेणी ठरते. ५ किंवा ६ गुण म्हणजे 'ए', ७ ते ९ म्हणजे 'बी' आणि १० किंवा त्यापुढे 'सी'. दादाचे अल्ब्युमिन थोडे कमी असल्यामुळे त्याला ६ गुण मिळाले. 'ए', म्हणजे चांगलेच की, असे आम्ही म्हणणार तोच त्यांचे बोट प्लेटलेटच्या आकड्यावर थांबले. ८२ हजार. प्लीहा वाढलेली. एन्डोस्कोपीत अन्ननलिकेच्या तळाशी फुगलेल्या शिरा.

त्याचा अर्थ त्यांनी शांतपणे उलगडला. कडक झालेल्या यकृतातून रक्त सहज पुढे जात नाही, मागच्या शिरांमध्ये दाब वाढतो, तो प्लीहेला फुगवतो आणि प्लीहा प्लेटलेट अडकवून ठेवते. हा दाब असताना यकृताचा मोठा भाग कापला, तर तेच सगळे रक्त आणखी लहान उरलेल्या भागातून जायला बघते. ऑपरेशन यशस्वी होते, गाठ बाटलीत बंद होऊन पॅथॉलॉजीला जाते आणि पुढच्या काही आठवड्यांत रुग्णाच्या पोटात पाणी होते, कावीळ चढते, झोप आणि जागेपण यांतला फरक पुसट होतो. ते म्हणाले, 'गाठ काढणे मला जमेल. उरलेल्या यकृतावर सर कसे जगतील, हा माझा प्रश्न आहे.'

दोन्ही डॉक्टर आपापल्या जागी प्रामाणिक होते, असे मला आजही वाटते. जगभरातही याबाबत एकमत नाही. बार्सेलोनाच्या तज्ज्ञांनी १९९९ मध्ये मांडलेली आणि वेळोवेळी सुधारलेली बीसीएलसी ही उपचार ठरवण्याची पद्धत पोर्टल शिरेतला दाब वाढलेला असेल तर शस्त्रक्रियेबाबत हात आखडता घेते. जपान, चीन आणि कोरियातले शल्यचिकित्सक त्याच रुग्णाला अनेकदा टेबलावर घेतात, आणि त्यांचे निकाल वाईट नसतात. परंतु आपल्याकडे रुग्णाचा उपचार पुष्कळदा तो आधी कुणाच्या दारात गेला यावरून ठरतो. सर्जनकडे गेला की सुरी, इंटरव्हेन्शनल रेडिऑलॉजिस्टकडे गेला की सुई आणि मेडिकल ऑन्कॉलॉजिस्टकडे गेला की गोळी. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये आणि आता काही मोठ्या खासगी रुग्णालयांतही शल्यचिकित्सक, यकृततज्ज्ञ, रेडिऑलॉजिस्ट आणि किरणोपचारतज्ज्ञ एकत्र बसून प्रत्येक रुग्णाचा विचार करतात. दादाची फाइल आम्ही अशा एका बैठकीपुढे ठेवू शकलो, याला मी नशीब म्हणते, कारण मिरज-सांगलीत इतके दवाखाने असूनही ही सोय शोधत आम्हाला मुंबई गाठावी लागली.

शस्त्रक्रियेला कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. त्याच प्रतीक्षाकक्षात आम्हाला लातूरकडची एक तरुण बाई भेटली. तिची गाठ दादाच्या गाठीच्या जवळजवळ तिप्पट होती. पण तिला हिपॅटायटिस नव्हता, सिऱ्होसिस नव्हता, गाठीभोवतीचे यकृत मऊ आणि धडधाकट होते. डॉक्टरांनी तिच्यासमोर दुसरा पर्याय मांडलाच नाही. तिचे अर्धे यकृत काढले आणि आठवडाभराने ती व्हरांड्यात चालताना दिसली. मोठी गाठ असलेली माणसे ऑपरेशनला जातात आणि लहान गाठ असलेल्यांना नाही म्हणतात, हे बाहेरून पाहणाऱ्याला उफराटे वाटते. पुतण्यालाही वाटले. 'आत्या, तिला करतात, मग बाबांना का नाही?' असे त्याने मला विचारले तेव्हा मी त्याला त्या ३४ टक्क्यांचा आकडा पुन्हा दाखवला.

दुसरी गोष्ट आम्हाला अधिक हादरवणारी होती. सिऱ्होसिस असलेल्या यकृतातली गाठ व्यवस्थित काढली, तरी पाच वर्षांत सुमारे ७० टक्के रुग्णांत रोग पुन्हा उगवतो. कधी जुन्याच गाठीचे निसटलेले बी, कधी त्याच जमिनीतून आलेले नवे रोप. म्हणजे 'एकदाचे काढून टाका' या वाक्यातले 'एकदाचे' इथे मुळातच टिकत नाही. ३ सेंमीपर्यंतच्या लहान गाठींसाठी शस्त्रक्रिया बरी की सुईने जाळणे बरे, याची थेट तुलना करणारी मोठी चाचणी जपानमध्ये झाली, तीत जगण्याच्या कालावधीत दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. चीनमधल्या काही चाचण्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. २ सेंमीच्या आतली आणि सुईला सोयीच्या जागी असलेली गाठ जाळली म्हणजे दुय्यम उपचार मिळाला, असे म्हणायला तरी आज आधार नाही.

दोन्ही आजारांवर एकदमच घाव घालणारा उपाय एकच, यकृत प्रत्यारोपण. गाठही जाते आणि ती उगवणारी जमीनही. मिलानच्या विन्चेन्झो मात्साफेर्रो यांनी १९९६ मध्ये ४८ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला: एकच गाठ ५ सेंमीपर्यंत, किंवा जास्तीत जास्त तीन गाठी प्रत्येकी ३ सेंमीपर्यंत, या मर्यादेत प्रत्यारोपण केलेल्यांपैकी ७५ टक्के रुग्ण चार वर्षांनी हयात होते. तोवर कर्करोगासाठी प्रत्यारोपण म्हणजे अवयव वाया घालवणे, असे मानणारेच जास्त होते. दादा मिलानच्या चौकटीत बसत होता. पुतण्याचा रक्तगट जुळत होता. त्याने घरी येऊन जाहीरही करून टाकले की आपण देणार.

आणि तिथे गाडी अडली, कारण हा कर्करोग आहे हे दादाला अजून सांगितलेलेच नव्हते. पुतण्या आणि वहिनी दोघांनी ठरवले होते की त्याच्यासमोर 'गाठ' एवढाच शब्द वापरायचा. हे आपल्याकडे इतके सर्रास चालते की त्यात काही खटकावे असेही कुणाला वाटत नाही. केसपेपर घेऊन नातेवाईक आधी आत जातात, डॉक्टरांना डोळ्यांनी खुणावतात आणि मग रुग्णाला बोलावतात. प्रेमापोटीच चालते, हे मान्य. पण ज्या निर्णयात एका बाजूला मोठी शस्त्रक्रिया, दुसऱ्या बाजूला मुलाच्या पोटावरची चीर आणि तिसऱ्या बाजूला पुन्हा पुन्हा करावे लागणारे उपचार आहेत, तो निर्णय ज्याच्या शरीरावर राबवायचा त्याला वगळून घेणे मला शेवटपर्यंत पटले नाही, आणि त्यावरून माझे आणि वहिनीचे कडाक्याचे भांडण झाले. प्रश्न सोडवला तो त्या वयस्क डॉक्टरांनी. 'संमतीपत्रावर सही सरांची लागते,' असे सांगून त्यांनी आम्हाला बाहेर बसवले आणि दादाशी एकट्याने बोलले. दार उघडले तेव्हा दादाचा चेहरा उतरलेला होता. मात्र तो म्हणाला ते एवढेच: 'मला अंदाज होता. भूगोलाचा असलो तरी नकाशा वाचता येतो मला.'

त्यानंतर प्रश्न विचारायचे काम त्याने आपल्याकडे घेतले. किती वर्षे मिळतील, हे त्याने पहिल्यांदा विचारलेच नाही. ऑपरेशननंतर यकृत थकले तर काय काय करता येणार नाही, पुतण्याच्या जिवाला धोका किती, न कापता केले तर दवाखान्यात किती वेळा यावे लागेल, असे त्याचे प्रश्न होते. उजवा भाग देणाऱ्या दात्याच्या मृत्यूचा धोका हजारात दोन ते पाच असा सांगितला जातो. 'हजारात दोन' ऐकून पुतण्या सुटकेने हसला आणि दादा गप्प झाला. त्याच्या नातीला तेव्हा शाळेत घातलेही नव्हते. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार मुलाने वडिलांना यकृताचा भाग देण्यात अडचण नव्हती. अडचण वडिलांचीच होती. खर्चाचा जो आकडा सांगितला गेला तो घर गहाण टाकायला लावणारा होता, आणि त्याची दादाने चर्चाही होऊ दिली नाही.

बैठकीने सुचवलेला आणि दादाने स्वीकारलेला मार्ग मग असा होता: आधी टेस, म्हणजे धमनीतून औषध सोडून गाठीचा रक्तपुरवठा तोडणे, नंतर सुई घालून मायक्रोवेव्हने गाठ जाळणे. नुसतीच सुई का नाही, याचे उत्तर त्या शिरेत होते. गाठ मोठ्या शिरेला टेकलेली असली की वाहते रक्त उष्णता पळवून नेते आणि शिरेलगतच्या पेशी अर्धवट भाजून जिवंत राहतात. शिवाय ३ सेंमीच्या पुढे एका सुईचा घेर पुरत नाही. टेसमध्ये ज्या गोष्टीचा फायदा घेतात ती मला फार चतुर वाटली. यकृताला सुमारे तीन चतुर्थांश रक्त पोर्टल शिरेतून मिळते, गाठ मात्र धमनीवर पोसते. तेव्हा गाठीची धमनी औषध भरून बंद केली तर ती उपाशी मरते आणि यकृत निभावून नेते. २००२ मध्ये बार्सेलोना आणि हाँगकाँग इथल्या दोन चाचण्यांनी याने आयुष्य वाढते हे दाखवले. औषध ज्या लिपिओडॉलमध्ये घोटतात ते खसखशीच्या तेलापासून बनवलेले असते. वहिनीला हे कळल्यावर, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, हसू आले. अनारशाला लावायची वस्तू दादाच्या यकृतात जाणार होती.

जांघेतल्या धमनीतून बारीक नळी सरकवत यकृतापर्यंत नेतात. दादाला भूल दिलेली नव्हती, फक्त टोचलेली जागा बधिर केली होती, त्यामुळे पडद्यावर स्वतःच्या धमन्यांचा फाटा उमलताना त्याने पाहिला. खोलीत आणल्यावर जांघेवर वाळूची पिशवी ठेवली आणि तो पाय सहा तास वाकवायचा नाही असे बजावले. रात्री ताप चढला, उजव्या बरगडीखाली कळा येऊ लागल्या, दोनदा उलटी झाली. हे अपेक्षितच असते, मेलेल्या गाठीवर शरीर असे प्रतिक्रिया देते, असे सिस्टर सांगत होत्या. तरी 'ऑपरेशन नाही' या शब्दांनी आमच्या मनात जे सोपे चित्र उभे केले होते ते त्या रात्री पुसले गेले. पुढचे दोन आठवडे त्याला अन्नाचा वास नको झाला. महिन्याभराने सीटीच्या मार्गदर्शनाखाली सुई घालून उरलेला भाग जाळला, त्याचा त्रास तुलनेने कमी झाला.

बिनाऑपरेशन म्हटले की आणखी एक दुनिया उघडते, तिच्याविषयी लिहायलाच हवे. दादाच्या आजाराची बातमी फुटली तसे घरी काढे, पुड्या आणि 'लिव्हर टॉनिक' येऊ लागले. आणणाऱ्यांच्या मनात माया होती. पण आधीच दुबळ्या झालेल्या यकृतावर अनोळखी द्रव्यांचे ओझे टाकणे निरुपद्रवी नसते. गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा त्यावर बराच वादही झाला. दादाने सगळ्या पुड्या नीट एका डब्यात भरल्या आणि कुणाला वाईट वाटू नये म्हणून घेतो म्हणून सांगत राहिला. शस्त्रक्रिया न करणे म्हणजे उपचार न करणे नव्हे, आणि उपचार न करणे म्हणजे वाट्टेल ते करणेही नव्हे. विषाणू दाबून ठेवणारी एक गोळी तो रोज न चुकता घेतो, आणि बाकीच्या सगळ्या भव्य उपायांपेक्षा तिचे महत्त्व कमी नाही.

या आजारात गोळ्या हा खरा शेवटचा टप्पा होता, अशी एक वेळ होती. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सोराफेनिब या गोळीने पुढच्या अवस्थेतल्या रुग्णांचे सरासरी आयुष्य ७.९ महिन्यांवरून १०.७ महिन्यांवर नेले, आणि तेवढ्यासाठी बायर कंपनीचे औषध महिन्याला सुमारे २ लाख ८० हजार रुपयांना मिळत होते. मार्च २०१२ मध्ये मुंबईतल्या पेटंट कार्यालयातून निघालेल्या आदेशाने नॅटको या हैदराबादच्या कंपनीला ते बनवण्याचा सक्तीचा परवाना दिला आणि किंमत नऊ हजारांच्या आत आली. भारतात असा परवाना तेवढाच एक. आता २०२० पासून अटेझोलिझुमॅब आणि बेव्हॅसिझुमॅब ही शिरेतून द्यायची जोडी आली आहे, तिच्या चाचणीत हा आकडा १९.२ महिन्यांपर्यंत गेला. मात्र ती देण्याआधी अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा तपासून बांधाव्या लागतात, नाहीतर रक्तस्रावाची भीती. म्हणजे तिथेही आधी यकृत, मग गाठ. दादाला यातले काही अजून लागलेले नाही. आमच्या शेजारच्या पलंगावरचे गृहस्थ सोराफेनिबवर होते. त्यांच्या तळव्यांची सालपटे निघाली होती आणि चहाचा कप धरताना ते तो रुमालात गुंडाळून धरत. त्यांचा मुलगा डॉक्टरांना रोज विचारायचा, ऑपरेशन का करत नाही. कुणीतरी त्याला बसवून नीट सांगितले असते तर बरे झाले असते, असे मला तेव्हा वाटत होते.

पहिल्या तपासणीत गाठीच्या जागी लिपिओडॉलचा पांढरा डाग आणि भोवती काळा, मेलेला भाग दिसला. सगळे ठीक चालले. दर तीन महिन्यांनी स्कॅन आणि एएफपी या रक्तातल्या कर्करोगसूचक प्रथिनाची तपासणी, दर वेळी अहवाल येईपर्यंत घरात कुणी फारसे बोलत नाही. दादाने गच्चीवर पर्जन्यमापक ठेवलेला आहे आणि रोजच्या पावसाची वहीत नोंद करतो. आजारपणातही ती वही फार दिवस कोरी राहिली नाही, आणि मोठे ऑपरेशन झाले असते तर तो पावसाळा त्याने मुंबईतच काढला असता. दोन वर्षांनी सहाव्या सेगमेंटमध्ये १.६ सेंमीची नवी गाठ दिसली. ती कातडीपासून जवळ आणि शिरांपासून दूर असल्यामुळे एकाच सुईत जाळता आली आणि तो दुसऱ्या दिवशी घरी आला.

पुतण्या मात्र त्या दिवसापासून पुन्हा प्रत्यारोपणाचा विषय काढतो आहे. त्याचे म्हणणे चुकीचे नाही: गाठी येत राहणार, यकृत दर वेळी थोडे थोडे थकणार, बाबांचे वय वाढणार, आणि एक दिवस ते मिलानच्या चौकटीबाहेर जातील. डॉक्टरही आता हे पूर्वीपेक्षा स्पष्टपणे बोलतात. दादा मेंदुमृत दात्याच्या यकृतासाठी नाव नोंदवायला तयार झाला आहे, आणि त्या यादीत नंबर कधी लागेल हे कुणीच सांगू शकत नाही हे त्याला माहीत आहे. मुलाचे यकृत घ्यायला तो अजून तयार नाही. पुतण्याने स्वतःच्या तपासण्या करून घेऊन त्यांची फाइल कपाटात ठेवली आहे, दादाला ते ठाऊक आहे, आणि दोघेही ते एकमेकांशी न बोलता माझ्याशी बोलतात.